‘दोन टाइम’ म्हणजे नेमकं कधी?

मोबाइल बॅगेत टाका. जर्नलं मिटा. सह्या आज मिळणार नाहीत, त्यामुळे टेबलापाशी घोळका करू नका. मागच्या बाकांवरच्यांनी पुढे या. मला ओरडून बोलायचं नाहीये, पण एकही शब्द हुकलेला चालणार नाही.

काउन्सेलिंगचं प्रॅक्टिकल म्हणजे तुम्हाला गॅदरिंगची तालीम वाटली. एकाने पेशंट व्हायचं, एकाने फार्मासिस्ट. आजी झालेली मुलगी कंबरेत वाकून आली, वर्ग खो खो हसला, आणि काउंटरमागचे आमचे फार्मासिस्ट तिला म्हणाले, ‘आजी, ही बीडी घ्या, ही ओडी घ्या, आफ्टर फूड.’ तिने मान डोलावली. डोलावणारच. ती तुमच्याच वर्गात बसते, बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, ओडी म्हणजे एकदा, हे तिने पाठ केलंय. खऱ्या आजीला वाटलं असतं, पोरगं आपल्याला विडी ओढायला सांगतंय.

एवढ्यावर मी मार्क कापून गप्प बसले असते. पण बेसिनपाशी हात धुताना एक महाशय शेजाऱ्याला म्हणाले, ‘खेड्यातली माणसं अडाणी, त्यांना सांगून काय डोंबल कळणार?’ माझे कान अजून शाबूत आहेत. आणि ते ऐकून जे फिदीफिदी हसले, त्यांचेही चेहरे मी पाहून ठेवलेत.

तर आता हा अडाणीपणा कुणाचा, ते बघू.

हे पाकीट हातात घे. तूच, निळा शर्ट. मोठ्याने वाच. औषधाचं नाव, इंग्रजीत. बॅच नंबर. बनवल्याची तारीख, मुदत, किंमत, परवाना क्रमांक. पुढे? ‘ॲज डायरेक्टेड बाय द फिजिशियन.’ म्हणजे डॉक्टर सांगतील तशी घ्यायची. आणि बाहेर ओळीने माणसं बसलेली असताना डॉक्टर काय सांगतात? ‘मेडिकलवाला सांगेल.’ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, तो तुम्ही मला परवा मोठ्या कौतुकाने स्कॅन करून दाखवलात. त्यात काय निघालं? नाव, कंपनी, बॅच, मुदत, परवाना. औषध खरं की खोटं हे ओळखायला उत्तम. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, ते त्यात नाही. इंग्रजीत एम. ए. झालेला माणूससुद्धा हे पाकीट उलटसुलट करून शेवटी तुमच्याच तोंडाकडे बघणार. त्यालाही अडाणी म्हणा मग.

जामखेड कुठे आहे माहीत आहे? अहिल्यानगर जिल्ह्यात. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले आणि त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी जणींना सहीसुद्धा येत नव्हती. पण कोणत्या बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात हलवायचं, जुलाब झालेल्या पोराला काय पाजायचं, अंगावरचा बधिर चट्टा दिसला तर काय समजायचं, हे त्यांना कळत होतं. आणि शेजारणीला पटेल अशा भाषेत सांगताही येत होतं. तुम्ही बारावी सायन्स करून इथे आलात. तुमच्यातल्या किती जणांना आईला तिच्या बीपीच्या गोळीचं काम सांगता येईल? हात वर करा. बरं. राहू दे.

‘दोन टाइम घ्या.’ हे तुमचं आवडतं वाक्य. दोन टाइम म्हणजे कधी? शेतावर खुरपायला जाणारी बाई सकाळी चहा घेऊन निघते, दहाला बांधावर भाकरी खाते, संध्याकाळी येऊन स्वयंपाक करते आणि सगळ्यांचं उरकल्यावर साडेनऊला जेवते. तिचा पहिला टाइम कोणता? थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी, हे तुम्ही पेपरात लिहिता. काउंटरवर म्हणता ‘सकाळी एक’. ती बाई ती गोळी चहाबरोबर घेते, वर लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात, आणि सहा महिन्यांनी रिपोर्ट जसाच्या तसा आला की म्हणते, ‘मला ही गोळी लागूच पडत नाही.’

जेवणानंतर म्हणालात, तर ती चतुर्थीला काय करते, विचारलंत कधी? एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार, आपल्याकडे बायकांचं निम्मं वर्ष उपासात जातं. शुगर असलेली बाई दिवसभर चहावर राहते आणि ग्लिमेपिराइड मात्र नेमाने घेते, कारण ‘गोळी चुकवायची नाही’ एवढंच तिला कुणीतरी दरडावून सांगितलेलं असतं. दुपारी घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरातले म्हणतात, उपास बाधला. उपास बाधला नाही, तुमचं मौन बाधलं. ‘ही गोळी पोटात अन्न नसताना घ्यायची नाही, उपास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि असं काही झालं तर लगेच साखर तोंडात टाका.’ घड्याळ लावून म्हणा, दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत.

लहान मुलांच्या औषधाकडे येते, कारण तिथे तुमचं दुर्लक्ष मला सहनच होत नाही.

पॅरासिटामॉलचे थेंब आणि पॅरासिटामॉलचं पातळ औषध. दोन्हींच्या खोक्यावर हसरं बाळ, दोन्ही गोड, दोन्ही गुलाबी-केशरी. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. साध्या पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५, म्हणजे मिलिलिटरला २५. चौपट फरक. थेंब संपले म्हणून बाप दुसरी बाटली घेऊन गेला आणि आईने जुन्या ड्रॉपरने एक मिलिलिटर पाजलं, तर बाळाला चौथा हिस्सा औषध मिळालं. ताप उतरत नाही. दोन दिवसांत डॉक्टर बदलतो, अँटिबायोटिक सुरू होतं, सुई दिली जाते. उलट झालं, थेंबांची बाटली झाकण भरून पाजली, तर दहा किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम. त्याचा डोस १५० च्या आसपास. दिवसातून चारदा असं झालं की काय होतं, ते यकृताच्या धड्यात तुम्ही शिकलात. आई शिकलेली असो वा नसो, ती चुकली नाही. तिच्या हातात बाटली ठेवताना ‘ताई, ही थेंबांची नाही हं, आधीचं माप याला चालणार नाही’ असं कुणी म्हटलं नाही.

आणि चमचा! एकाने आज सांगितलं, ‘एक चमचा द्या.’ कोणता चमचा? चहा-साखरेचा, पोह्यांचा, की आमटी वाढायचा? बाटलीवर टोपी दिलेली असते, तिच्यावर खुणा असतात, त्यातल्या पाचच्या खुणेवर नख ठेवून दाखवायचं. अँटिबायोटिकची पावडरची बाटली असेल तर पाणी उकळून गार केलेलं, बाणाच्या खुणेपर्यंत, हलवून पुन्हा खुणेपर्यंत. सात दिवसांनी उरलेलं फेकायचं. उरलेलं औषध फ्रिजच्या दारात ठेवून पुढच्या तापाला पाजणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ती सगळी खेड्यातली नव्हती.

खोकल्याच्या औषधावरही तुम्ही असेच उदार. आई ‘पोराला खोकला आहे’ म्हणाली की हात आपोआप रॅककडे जातो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतली कितीतरी नागपूरला उपचाराला आणली होती. ते विष कुठल्या आईला चव घेऊन ओळखता आलं असतं? कारखान्याचा आणि तपासणी करणाऱ्यांचा तो गुन्हा आहे, आईबापांच्या माथी तो मारू नका. पण दोन वर्षांखालच्या मुलाला साध्या सर्दी-खोकल्याला हे औषध द्यायचंच नसतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि माहीत आहे. ते काउंटरवर बोलायला काय बंदी आहे? एक बाटली कमी खपेल, एवढंच ना?

लाल टोपीची सिरिंज आणि केशरी टोपीची सिरिंज. तोंडी परीक्षेत एकाने मला ऐकवलं, ‘मॅडम, सिरिंज ती सिरिंज.’ बाळा, इन्सुलिनच्या साध्या बाटलीत मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपीची. केशरी टोपीची १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. ४० च्या बाटलीला केशरी सिरिंज दिलीस आणि आजोबांनी प्रामाणिकपणे वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात गेले आठ युनिट. उलटं केलंस, तर गेले पन्नास. आजोबांनी रेघ बरोबर मोजली, वेळ पाळली, सुई बरोबर टोचली. तुझ्या ‘ती सिरिंज’ने त्यांना दवाखान्यात पोचवलं.

आता मुलग्यांनी माना खाली घालायच्या नाहीत. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई डॉक्टरीणबाईंकडे गेली, त्यांनी क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. योनीमार्गात ठेवायच्या. मेडिकलात तरणा पोरगा. त्याने पाकीट बघितलं, कान लाल झाले, वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून हातात दिलं, जसं काही चोरीचा माल. ‘रात्री झोपताना एक.’ बस. बाई घरी गेली आणि पाण्याबरोबर गोळी गिळली. सहा रात्री. तिला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय त्या काळ्या पिशवीने ठेवली नव्हती. लाज तुमची आणि त्रास तिला. ‘ताई, ही गोळी तोंडाने घ्यायची नाही, रात्री झोपताना आत ठेवायची’, हे वाक्य इथे, या वर्गात, सगळ्यांसमोर, प्रत्येक मुलाने मला म्हणून दाखवायचं. हसला त्याला दोनदा.

मेथोट्रेक्सेट आमवाताला देतात, सोरायसिसलाही. आठवड्यातून एकदा. एकदाच. माणसाच्या मनात ‘गोळी’ आणि ‘रोज’ यांची गाठ इतकी घट्ट बसलेली आहे की आठवड्याने घ्यायची गोळी असते, यावर त्याचा विश्वासच बसत नाही. त्यात बरोबर फॉलिक ॲसिड लिहिलेलं असतं, तीही पिवळी, तीही बारीक. अदलाबदल झाली आणि मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली तर आधी तोंड सोलवटतं, मग रक्तातल्या पेशी घटत जातात, आणि माणूस दगावू शकतो. अशा पाकिटावर वार लिहायचा. ‘फक्त सोमवारी.’ मराठीत, ठसठशीत. डॉक्टरांनी वार लिहिला नसेल तर फोन करून विचारायचा. फोन करायला कमीपणा वाटतो? मग दुसरं काम बघा.

आणि ती कात्री खाली ठेवा! गिऱ्हाईक म्हणालं, ‘दोनच गोळ्या द्या’, की तुम्ही स्ट्रिप कापता, नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानात ठेवता आणि मुक्या गोळ्या पुडीत घालून देता. घरी गेल्यावर ती कशाची गोळी आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तीच बाई पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांनी ‘आधी काय घेतलं?’ विचारलं, तर ती म्हणते, ‘पांढरी गोळी.’ यावर तुम्ही लोक हसता. त्यातून अँटिबायोटिक असेल तर बोलायलाच नको. १ मार्च २०१४ पासून ठरावीक अँटिबायोटिक्सना शेड्यूल एच-वन लागू आहे: चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरात, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हे तुम्ही लॉ अँड एथिक्सच्या पेपरात सुवाच्य अक्षरात लिहाल. दुकानात ‘ओळखीचे आहेत’ म्हणून दोन गोळ्या सरकवाल. अर्धवट मेलेले जंतू त्या एका माणसाच्या अंगात राहत नाहीत, ते एसटीतून प्रवास करतात.

टीबीचंच घ्या. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने घ्यायचं असतं. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते. हे आधी सांगितलं नाही, तर माणूस सकाळी उठून ती पाहतो, घाबरतो, ‘औषध उष्ण पडलं’ म्हणून गोळ्या बंद करतो. ज्याला सांगितलं, तो हसून पुढची गोळी घेतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, तेव्हाही तेच: ‘बरं वाटतंय की.’ तिथे सोडलं तर औषधाला दाद न देणारा टीबी घरातल्या नातवापर्यंत जातो. मुंबई-दिल्लीत बसून कुणी कितीही योजना आखू दे, ती त्या केशरी लघवीपाशी अडते.

सांगितलं नाही की लोक काय करतात, ते आपल्या पुण्यानेच दाखवलंय. १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर घराघरांत घुसले, माणसं उचलून नेली, सामानसुमान बाहेर फेकलं. का, कशासाठी, कुणी समजावून दिलं नाही. लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली, जूनमध्ये ही मोहीम चालवणाऱ्या रँड साहेबावर गोळी झाडली गेली, आणि प्लेग काही थांबला नाही. आजचा पेशंट बंदूक काढत नाही. तो ‘हो हो’ म्हणतो आणि घरी जाऊन स्वतःला पटेल तेच करतो.

ओआरएस. याच्यावर तुम्ही सगळ्यांनी पैकीच्या पैकी मार्क घेतलेत, म्हणून मुद्दाम. १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्याची माणसं जमिनीवर पडलेली आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर, सोड्याचं पाणी पिंपात कालवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले. पाजणारे डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. आई, भाऊ, शेजारी होते. कसं पाजायचं हे त्यांना दाखवलं होतं. तुम्ही काय दाखवता? पुडी देता. आई ती पेलाभर पाण्यात ओतते, म्हणजे मिठाचा मारा. किंवा चमचाभर टाकून उरलेली डब्यात ठेवते. अख्खी पुडी, एक लिटर पाणी, एकदम, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. लिटर कसं मोजायचं विचारलं, तर पाण्याची लिटरची बाटली घराघरात असते, ती दाखवा. सोबत झिंक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. आणि टेट्रापॅकमधली गोड पेयं ‘ओआरएस’ म्हणून खपत होती, ती आजारी पोरांच्या हातात तुम्हीच दिलीत ना? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं त्याविरुद्ध भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने त्या नावाला मनाई केली. काउंटरवरचे फार्मासिस्ट तोवर काय करत होते? पॅक थंड करून देत होते.

आता तुमची कारणं ऐकते. गर्दी असते. मालक म्हणतो, लवकर उरक. लोकांनाच घाई असते. सगळं खरं. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं हे तुमचं काम म्हणून लिहिलंय, मालकाची मेहेरबानी म्हणून नाही. संध्याकाळी सातला दुकानात पंधरा माणसं असतील, तेव्हा सगळ्यांना भाषण देऊ नका. नवीन औषध कुणाचं, मूल कुणाचं, इन्सुलिन कुणाचं, म्हातारं एकटं कोण आलंय, एवढं हेरा. त्यांना एक मिनिट. बीपीची तीच गोळी दहा वर्षं नेणाऱ्या काकांना नुसतं ‘चालू आहे ना नीट?’ पुरे.

आणि ‘कळलं का?’ हा प्रश्न आजपासून बंद. त्याला आजवर कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. विचारायचं असं: ‘काकू, घरी सून विचारेल ना, कुठली गोळी कधी, तेव्हा काय सांगाल तिला?’ मग काकू बोलतील. चुकल्या तर त्यांना ओशाळं करू नका. ‘मीच घाईत सांगितलं’ म्हणा आणि पुन्हा सांगा, या वेळी गोळी बोटाने दाखवून. आकडे कळत नसतील तर सकाळच्या पाकिटावर सूर्य काढा, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. चित्रकला येत नाही म्हणू नका. गोल काढून बाजूने रेघा मारल्या की सूर्य होतो.

जे महाशय ‘अडाणी’ म्हणाले, त्यांचं ५०० तासांचं ट्रेनिंग सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर होईल, मी स्वतः बोलून ठेवते. तिथे पहिल्या दिवशी केसपेपर हातात घेऊन जी माणसं रांगेत उभी असतील, त्यांतल्या प्रत्येकाकडून गोळ्यांची वेळ वदवून घ्यायची. डायरी मी तपासणार.

परवा अकरा वाजता हेच प्रॅक्टिकल पुन्हा. पेशंट तुमच्यातलं कुणी नसेल. आपल्या शिपाईमावशी बसतील, त्या मला येऊन सांगतील कुणाचं कळलं आणि कुणाचं नाही. मार्क त्यांच्या सांगण्यावर. जर्नल आणू नका. मार्कर आणा, काळा, पाकिटावर उठेल असा. माझ्याकडे मागायला येऊ नका, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.